रिंग बसली का वं?

आमच्या स्टोअरच्या रॅकवर रिंगा मोजक्याच असतात, किस्से मात्र उतू चाललेत! नागपूरजवळ बुटीबोरीत सूत रंगवायच्या कारखान्यात मी खरेदी सांभाळते. पंपाची गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगांसाठी दुकानं पालथी घालण्यापेक्षा त्या ऑनलाइन मागवू, ही आयडिया माझीच. मॅनेजर साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. "जमलं तर नोकरी पक्की, नाही तर बघू!" त्या 'बघू'नं माझी झोप उडवली होती.

*

पहिल्याच वेळी आमचे जुने फिटर गजाननभाऊ यांनी पंपातून काढलेली रिंग माझ्या हातात दिली. मी ती काटेकोर मोजून तंतोतंत तशीच मागवली. नवी रिंग पंपाच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, ढिली!

"अवं, जुनी रिंग मोजली काय तू? ते तापून तापून फैलली ना!"

"मंग मले दिली काहून?"

"फेकाले दिली होती वं!"

*

मग साहेब म्हणाले, "बाजूला व्हा, मी दाखवतो." मोबाइलवर फोटो पाहून, आकडे न वाचता, त्यांनी स्वतः ऑर्डर टाकली.

आठवड्यानं हा मोठा खोका आला! कागद काढला, आणखी कागद काढला, तर तळाशी इवलीशी रिंग. गजाननभाऊंनी ती चिमटीत धरली. "साहेब, साखरपुडा कोनाचा हाय?"

साहेबांनाही हसू आवरेना. मी देवाचे आभार मानले, निदान ही चूक माझ्या नावावर नव्हती!

*

रबर किती गरमी सोसणार, हे विकणाऱ्याला आधी सांगावं लागतं. त्या कंपनीतल्या मुलीनं फोनवर विचारलं, "तिथं टेंपरेचर किती असतं?" मे महिना, आणि फोन नेमका गजाननभाऊंकडे!

"नागपूरचं का पंपाचं?"

"पंपाचं."

"मंग थोडं कमी पकडा!"

मी झडप घालून फोन घेतला.

*

एकदा घाईत पत्ता चुकला आणि पार्सल हुडकेश्वरला माझ्या घरी गेलं. संध्याकाळी मोजते तर बारातली एक रिंग गायब!

"आई, एक रिंग कुठी गेली?" मी सासूबाईंना विचारलं.

"मिक्सरचं भांडं गळून राहिलं होतं, त्याले लावली. काय मस्त बसली वं!"

तीन महिने संपत आले होते, आणि पहिल्या झटक्यात नीट बसलेली आमची ती पहिली रिंग!

*

मुदतीला आठ दिवस उरले आणि रंगाचा मोठा पंप बंद पडला. रिंगचे तुकडे झालेले. पंप इतका जुना की कागदपत्रं नाहीत, पाटीवरचे आकडे पुसलेले. आतली जागा अशी अरुंद की माप घ्यायचा व्हर्नियर शाफ्टपर्यंत जाईना.

साहेब डोक्यावर उभे. "मॅडम, या वेळी चुकलं तर ऑनलाइन बंद. तुमचंही मग कठीण आहे."

गजाननभाऊंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "बांगडी काढ वं."

"काहून?"

"काढ तं!"

आत हात घालून त्यांनी माझी पितळी बांगडी शाफ्टवर सरकवली. फिट्ट बसली!

"कितीची हाय?"

"दोन-सहाची!"

बांगडीचं माप म्हणजे शेवटी इंचातलंच; दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश. मी मिलिमीटर काढले, साठच्या किंचित वर. रबर जरा ताणून घट्ट बसावं म्हणून साठची रिंग मागवली.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. रिंग बसली, पंप सुरू झाला, एक थेंब गळला नाही! मी नाचायचीच काय ती बाकी होते. गजाननभाऊ अख्ख्या शेडला ऐकू जाईल असे ओरडले, "जमलं वं पोरी!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर नोकरी पक्की झाल्याचं पत्र होतं. त्याच्याखाली साहेबांच्या सहीचा खरेदीचा कागद:

"मेंटेनन्स विभागासाठी पितळी बांगड्या. दोन-दोनपासून दोन-दहापर्यंत, प्रत्येकी एक. ऑनलाइन मागवू नयेत. दुकानात जाऊन, हातात घालून बघून आणाव्यात."