नात आज मला जवळ येऊ देईना

कम्युनिटीतल्या पोरापोरींनो, मला लिहिता येत न्हाय. मी बोलते आणि माझी नात वैशू टाइप करते. आज तिचीच तक्रार हाय.

दुपारी ती पीएचडीच्या लॅबमधून खारबावला घरी आली. अलाबला घ्यायला मी पुढं झाले, तर ती मागं सरकली. "आजी, लांब राहा!"

"काय गं, सोवळ्यात आलीस का?" मी चिडवलं. ती हसली न्हाय.

तिचं काम काय ते सांगते. कोंबडी कुठं अंडी घालते ते कळावं म्हणून आम्ही तिच्या पायाला लाल चिंधी बांधतो. वैशू तशीच औषधाला खूण करते, म्हणजे ते अंगात कुठं कुठं फिरतं ते कळतं. फक्त तिची चिंधी किरणं सोडणाऱ्या कार्बनची हाय. आज सकाळी हातमोजा फाटला आणि ते खुणेचं औषध बोटांवर सांडलं. अंगात शिरलं का ते बघायला लघवी तपासायला दिलीय, निकाल उद्या.

"आजी, हे काय लिहायचं असतं?" म्हणते. मी म्हटलं, लिही.

"थोडंच होतं गं, काही होत नाही," हे तिचं दुपारपासून चाललंय. पण हात घासून घासून लाल केलेत, आणि जेवायला वेगळी बसली.

आत्ता तिला म्हटलं, "तू घाबरली न्हाईस, असं लिही." तिनं लिहिलं आणि लगेच पुसलं.

तुमच्यात कुणी असलं काम करतं का? खरंच काही होत न्हाय ना? खरं लिहा, पण जपून लिहा. मला वाचून दाखवणारी तीच हाय.