वाटेच्या मायचं डोकं

मान कापलेली ती मूर्ती आठवली की आजही माझं डोकं तापतं.

तेव्हा मी परतवाड्याला फौजदार होतो. जवळच्या गावात फुलांचा मळा करणाऱ्या एका माळ्याला विहीर खणताना दगडी देवी सापडली. पायांशी ओझं लादलेल्या बैलांची रांग कोरलेली. समुद्राकडून माल आणणारे जुने तांडे याच घाटातून वर जात, त्यांनीच ती घडवली असावी, असं एका संशोधकानं सांगितलं. मोठे विद्वान गृहस्थ. मुक्काम डाकबंगल्यात, ऊठबस थेट जिल्ह्याच्या पोलीस कप्तानांकडे. गावानं देवीला शेंदूर लावला, नाव ठेवलं वाटेची माय.

एका सकाळी माळी आणि त्याची बायको ठाण्यात आले. मायचं डोकं गेलं होतं. पंचनाम्याला गेलो तर मानेवर करवतीचे ताजे ओरखडे.

माळ्यानंच विकलं असेल, असं संशोधकानं कप्तानसाहेबांच्या कानी घातलं आणि हुकूम सुटला, माळ्याला आत घाला. ज्यानं फिर्याद दिली त्यालाच! हुकूम पाळावा लागला. तो कोठडीत जेवेना. बायको ठाण्याच्या पायरीवरून उठेना.

खबर आली मूर्तिजापूर स्टेशनातून. अचलपूरच्या छोट्या गाडीनं आलेली पेटी मुंबईच्या गाडीत चढवायची होती. हमालानं तिथल्या जमादाराला गाठलं. म्हणाला, "चिठ्ठी संत्र्याची हाय, पण जेठात संत्री कोटली? अन् वजन त गोट्यावानी हाय."

पंचांसमक्ष पेटी फोडली. गवतात मायचं डोकं होतं.

पेटी पाठवणारा निघाला संशोधकाचा नोकर. पेटी फोडल्याचं त्याला कळू दिलं नव्हतं. आत शेंदूरजनाघाटच्या बागेतली संत्री आहेत, असं तो ठामपणे सांगत राहिला. कोणाच्या बागेतली, या प्रश्नावर मात्र अडखळला. मग ढसाढसा रडला. मालकानं सांगितलं म्हणून कापलं, म्हणाला. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला करवत दाखवायला लावली. डाकबंगल्यामागच्या मातीत पुरली होती. माळ्याला त्याच दुपारी सोडलं.

संशोधकाला ठाण्यात बोलावलं. आल्या आल्या त्यांनी मलाच खुर्ची सरकवायला सांगितली. चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. ते शांतपणे म्हणाले, "इथे शेंदूर फासून तिची विटंबना चालली होती. मी कला वाचवली."

माळ्याची बायको पायरीवरून उठून आत आली.

"आमी शेंदूर लावला, सायेब. थो धुतला त जाते. तुमी मान कापली, ते कोन जोडून देईन?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिक्षा नोकराला झाली. मालकाविरुद्ध पुरावा अपुरा, असं वरून ठरलं. गावानं अर्ज करूनही डोकं गावाला मिळालं नाही, संग्रहालयात गेलं. पुढे मी तिथं गेलो. काचेखाली पाटी होती, त्यावर शोध लावणारा म्हणून त्याच संशोधकाचं नाव. माळ्याच्या विहिरीचा उल्लेखही नाही. मी तडक बाहेर आलो.

नोकरीत मी दरोडेखोर पुष्कळ पकडले. आपण चोर आहोत हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते पोलीस दिसताच पळतात. जो पळत नाही, उलट आपल्यालाच खुर्ची सरकवायला सांगतो, त्याची झडती आधी घ्यावी, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं.