लग्नपत्रिकेचा बेडूक

सपाट कागद दिसला की आमच्या रोह्याच्या काकांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धाटावला कंपनीत होते, पण कंपनीची नोटीससुद्धा त्यांच्या हातात पडली की वाचून व्हायच्या आत तिची होडी झालेली असायची. एसटीच्या तिकिटाचा ते पंखा करत. नागोठण्याला तिकीट तपासणारा चढला की मावशी त्यांच्या खिशातून पंखा काढायची, उलगडून पुढे करायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. कात्री आणि डिंकाशी त्यांचं उभं वैर. "चिकटवायचं असलं तर सुतारकाम शीक, कागदाच्या वाटेला जाऊ नको," असं मला दरडावायचे. पावसाळ्यात आमच्याकडे कागद सादळतो, घडीला धार येत नाही, म्हणून जुन्या लग्नपत्रिका ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. जाड कागदाचाच बेडूक नीट उडतो, हे त्यांचं ठाम मत. मावशी भाताला तांदूळ काढायला गेली की मापात कुणाचं ना कुणाचं लग्न यायचंच.

या उद्योगाचं कौतुक साऱ्या गोतावळ्यात एकट्या माझ्या वडिलांना. दोघे साडू, पण सख्ख्या भावांसारखे. काका पेणला आमच्याकडे आले की जेवणं उरकून दोघं ओटीवर बसत. काका बेडूक करत, वडील बोटाने दाबून उडवत, आणि कुणाचा लांब गेला यावरून दोघं पोरांसारखे भांडत.

वडील अचानक गेले. आई रडलीच नाही. भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. शेजारणींनी आणलेल्या पिठलं-भाताला हात लावेना. माणसं येत, समजूत घालत, जात. ही अशीच राहिली तर हीसुद्धा हातची जाईल, अशी मला भीती वाटत होती. तेवढ्यात मावशी आणि काका आले. "तिथं हात खिशात ठेवा, मेहेरबानी करा," असं मावशीने येताना काकांना बजावलं होतं. काकांनी इमानाने हात खिशात ठेवले. आणि खिशात होती पत्रिका.

चार शब्द बोलून धीर देणं काकांना कधी जमलंच नाही. ते आईसमोर मांडी घालून बसले. कधी बोटं चालायला लागली, त्यांनाही कळलं नसेल. आमचं लक्ष जाईपर्यंत एक गुलाबी बेडूक जमिनीवर उतरला आणि टुणकन उडून आईच्या पुढ्यात पडला. पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, 'शुभविवाह'. आत्याने कपाळाला हात लावला. मावशी पुटपुटली, "अहो, काय म्हणायचं तुम्हाला, लाज नाय वाटत?"

आईने बेडूक उचलला. पाठीवरची अक्षरं वाचली.

"भावजी, कुणाचं हो हे लग्न?"

"आमच्या सुपरवायझरच्या पोरीचं," काका खाली मान घालून म्हणाले. "जेवण काय बरं नव्हतं."

आई हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि मग मावशीच्या गळ्यात पडून ती पोटभर रडली. संध्याकाळी तिने चार घास भात खाल्ला. पिठल्यात मीठ कमी आहे, असंही म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

ते सांगायला मी ओटीवर गेलो. काका दुसरी पत्रिका घेऊन बसले होते, पण कोपऱ्यावर कोपरा काही केल्या बसत नव्हता.

"आई जेवली, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. "ती रडली, मोकळी झाली. मला अजून जमलं नाय रे. तुझा बाप लय जवळचा होता माझ्या."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या हातातला कागद बाजूला ठेवला आणि हात धरला. मग काका रडले, आणि मीही रडलो.