अ‍ॅलर्जी नसलेले एकसष्ट रुग्ण

इस्पितळात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, तेही तोंडावर. कुणी "काम झालं" म्हटलं, की ती विचारणार, "कुणी पाहिलं?" उगाच नव्हे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी शब्दावर विसंबून तिने दोन सारख्या नावांच्या रुग्णांचे कागद अदलाबदल केले होते. तेव्हा पोळलेलं तोंड. पुढे तीस वर्षं ती ताकही फुंकून पीत आली.

ती रेकॉर्ड विभागात होती. रुग्ण दुसऱ्या इस्पितळात हलवला, की त्याची माहिती संगणकावरच्या ठरावीक रचनेच्या, एक्सएमएल नावाच्या फाइलमधून पुढे जाई; ही पद्धत नुकतीच सुरू झाली होती. एका मंगळवारी महिन्याचा गोषवारा काढताना तिचा हात थांबला. ती सुरू झाल्यापासूनच्या तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया विभागातून एकसष्ट रुग्ण गेले होते आणि एकालाही कसली अ‍ॅलर्जी नव्हती.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

ती थेट प्रोग्रामरकडे गेली. हा मनुष्य कमी बोले, म्हणून तिला पहिल्यापासून आवडत नव्हता.

"फाइली ठीक आहेत," तो म्हणाला. "चुकीची भरलेली फाइल यंत्रणा परत पाठवते. हल्ली एकही येत नाही."

"म्हणून तर विचारतेय."

त्याने स्कीमा, म्हणजे फाइलचा ठरलेला साचा, उघडून दाखवला. "हा क्रम. नाव, वय, रक्तगट, अ‍ॅलर्जी, औषधं, सूचना. यात अ‍ॅलर्जी आणि सूचना ऐच्छिक. असल्या तर असल्या, नसल्या तर नसल्या. पण आल्या तर आपापल्या जागीच यायला हव्यात. अ‍ॅलर्जी औषधांच्या मागे गेली, की फाइल परत."

"आणि मुळात आलीच नाही तर?"

"तर बिनबोभाट जाते."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की तिचा संशय पक्का झाला. आपली आकडेवारी चांगली दिसावी म्हणून हाच त्या ओळी उडवत असणार. तिने परत आलेल्या फाइलींची यादी मागितली. त्याने कुरकुर न करता छापून दिली, हेही तिला खटकलं.

यादीत शस्त्रक्रिया विभागाच्या नऊ फाइली होत्या, तीन आठवड्यांपूर्वीच्या, लागोपाठ दोन दिवसांतल्या. त्यानंतर एकही नाही. नऊही दोनच रुग्णांच्या, पुन्हा पुन्हा पाठवलेल्या, आणि त्या विभागाच्या सगळ्या फाइली भरणाऱ्या मोठ्या सिस्टरच्या हातच्या.

मोठी सिस्टर म्हणजे तिची बावीस वर्षांची मैत्रीण. चौकशीबाईने नवऱ्यावर संशय घेतला होता, जावेवर घेतला होता, हिच्यावर कधीच नाही. आताही पहिला विचार आला तो हाच, की प्रोग्रामरने हिचा पासवर्ड चोरला. तरी ती वॉर्डात गेली.

"अ‍ॅलर्जीची ओळ तू काढतेस?"

सिस्टरने गोळ्यांचा ट्रे खाली ठेवला. "औषधं लिहून झाली, की मी विचारते, काही चालत नाही का. ते उत्तर मी औषधांखालीच भरायचे. फाइल परत यायची आणि दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी. एकदा ओळ काढून पाहिली, गेली. मग चिठ्ठी लिहून रुग्णाच्या माणसाकडे द्यायला लागले."

"चिठ्ठी पोचली का, हे कुणी पाहिलं?"

सिस्टरने जुन्या कागदांचं कपाट उघडलं.

दोघींनी वॉर्डातले कागद उपसले. अ‍ॅलर्जीचे आठ रुग्ण निघाले. चौकशीबाईने एकेक फोन लावला. सात चिठ्ठ्या पोचल्या होत्या. आठवी एका म्हातारीच्या पुतण्याच्या कोटाच्या खिशातच होती, आणि म्हातारीला न चालणारं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं ठरलं होतं. ते थांबलं.

प्रोग्रामरने दोन दिवसांत स्कीमा बदलला. क्रम तोच ठेवला, सूचना ऐच्छिक राहिल्या. अ‍ॅलर्जी मात्र सक्तीची झाली. नसेल तर "नाही" असं लिहायचंच. माहिती कुठल्याही क्रमाने भरली, तरी फॉर्म ती जागच्या जागी लावू लागला. "हे आधीच सुचायला हवं होतं मला," तो म्हणाला. चौकशीबाईने त्याची माफी मागितली. तिला संशय होता हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तो गोंधळला.

अहवाल तिनेच लिहिला. नाव गाळावं असं क्षणभर वाटलं, मग लिहिलं. सिस्टरला लेखी ताकीद मिळाली आणि दोघींचं बोलणं बंद पडलं.

महिन्याने जिन्यात गाठ पडली तेव्हा सिस्टरनेच विचारलं, "माझ्या फाइली तपासतेस अजून?"

"रोज."

"तपासत जा," सिस्टर म्हणाली, आणि तिच्या बरोबरीने पायऱ्या उतरू लागली.