रेल्याची चाल

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी मी याच्या अवतीभवतीच बोलत राहिले — देवाला ठाऊकच आहे, असं म्हणत.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मूलजवळच्या एका गावात मी मिशनच्या शाळेत पोरींना शिकवायची. शामुवेलभाऊ तिथल्याच ख्रिस्ती देवळात पेटी वाजवायचे. जुनी गीतं गोऱ्या साहेबांच्या चालींवरची. बाया नुसते ओठ हलवायच्या. म्हणून धानकापणीच्या उपासनेसाठी आम्ही दोघांनी नवं गीत केलं. शब्द त्यांचे. चाल — चाल माझी. म्हणजे अहेरीकडच्या माझ्या गावात पोरी हातात हात गुंफून रेला नाचतात, त्याची. ख्रिस्ती होण्याआधी माझी आईही नाचायची. मी गुणगुणले, त्यांनी पेटीवर धरली.

त्या रविवारी बाया गळा उघडून गायल्या. काय सांगू तुम्हाला — कधी तोंड न उघडणारी एक म्हातारी डोळे मिटून टाळी देत होती.

उपासना संपल्यावर पाळकांनी आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला थांबवलं. एकाने चाल ओळखली होती.

"हा तं गोंडायचा रेला होय. देवळात नाचाचं गाणं? कोनं आणलं हे?"

शामुवेलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत होते, एवढंच.

मी काय केलं? वाकून चटया गुंडाळू लागले. मला नागपूरला ट्रेनिंगला पाठवायचं घाटत होतं, हे खरं. पण तेवढंच होतं का? नाही. त्या लोकांसमोर मला पुन्हा 'गोंडाची पोर' व्हायचं नव्हतं. आईची लाज वाटली मला.

"चाल माही हाय," शामुवेलभाऊ म्हणाले. "मीनंच बसवली."

त्यांच्याकडची पेटी काढून घेतली. गीत बंद झालं. पुढे ते अहेरीला लाकडाच्या डेपोवर कामाला लागले. मी नागपूरला जाऊन शिकून आले.

एकदा अहेरीच्या बाजारात ते भेटले. पोराबाळांची चौकशी केली. मग म्हणाले, "पेटी सुटली, बाई. देवळात जातो, पन मांगं बसून राह्यतो." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी म्हटलं, बस सुटते माझी. बसला तासभर वेळ होता.

ते वारल्यावर नव्या पाळकांनी ते गीत पुन्हा सुरू केलं. आता दर कापणीला ढोलकीवर गातात, आपल्या मातीची चाल म्हणून वाखाणतात, शामुवेलभाऊंचं नाव घेतात. आज चाल माझी म्हटलं तर माझंच कौतुक होईल. म्हणून देवळात सांगत नाही.

तुम्हाला सांगते ते दुसरंच. एक भला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला बोलू दिलं.