चालात मा?

इलेक्ट्रिक बसच्या चार्जरसाठी जागा आखायला मी आणि आमचा सर्वेअर डेपो-डेपो फिरतो. माणूस मालवणकडचा, तोंडाने फटकळ. पण चुन्याची रेघ मारण्याआधी तो चपला काढतो आणि रिकाम्या जमिनीला अदबीने विचारतो, "हय चार्जर लावतंव. चालात मा?" मग कान देऊन उभा राहतो. कोणी काही बोललं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं त्याचं शास्त्र. गोरेगावला, मुलुंडला मी जाम हसलो होतो.

काल देवनारला भर दुपारी त्याने विचारलं, कान दिला, आणि चुना, चपला तिथेच टाकून अनवाणी गाडीत जाऊन बसला.

"काय रे, नाही म्हणाले?" मी हसत विचारलं.

खिडकीची काच वर करत तो म्हणाला, "हो म्हणाले."