मावशी आत हाय

"मावशी आत हाय." दार अर्धं उघडायचं, एका हाताने डबा पुढे करायचा, दुसऱ्या हाताने दार ओढून घ्यायचं आणि एवढंच बोलायचं. लातूरच्या क्लासच्या गल्लीत त्या काळात जेवलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला पाठ असेल. मावशीला मात्र त्याने पाहिलेलं नसेल.

कारण आत कुणी नव्हतंच. पोळ्या लाटणारी, डबे भरणारी आणि दारात येऊन देणारी ती एकटीच होती, सोळा वर्षांची पोरगी. आई लहानपणीच गेलेली. भूकंपानंतर गाव सोडून ती वडिलांबरोबर लातूरला आली. वडील आडतीवर हमाली करायचे. पुढे क्लासचं पेव फुटलं आणि पार भोकर-नायगावची पोरं ट्रंका घेऊन गल्लीत उतरू लागली. पोरांना भूक होती, तिच्या हाताला चव होती. पण एवढ्याशा पोरीच्या हाती आपला होऊ घातलेला डॉक्टर कोण सोपवणार? म्हणून तिने मावशी काढली.

हे गुपित मला ठाऊक होतं, कारण तिच्या खोलीला लागूनच माझं एसटीडीचं दुकान होतं आणि माझाच नंबर तिने पीपी, म्हणजे शेजारचा निरोपाचा नंबर, म्हणून सगळ्या पालकांना वाटला होता. मला न विचारता. फोन आला की मी भिंतीवर थाप मारायचो. ती पिठाच्या हातांनी धावत यायची, आधी ओढणी डोक्यावरून घ्यायची आणि मग रिसीव्हर उचलायची. ओढणी डोक्यावर आल्याशिवाय तिचा आवाज म्हातारा होतच नसे.

"हाव, बोला दादा. पोरगं बरं हाय, आत्ताच जेवून राहिलंय. माझी कंबर लई धरली बघा, म्हणून हळू बोलून राहिले."

"कंबर धरली की आवाज बसतो का गं?" मी नंतर विचारायचो.

"म्हाताऱ्या माणसाला कायबी होतंय, भाऊ."

डबा न धुता परत करणाऱ्या पोरांना ती स्वतः कधी रागावली नाही. "मावशीला असलं चालत न्हाई," एवढं पुरे व्हायचं. तिला कुणी भीक घालत नव्हतं, पण मावशीला सगळी गल्ली वचकून असे. कुणाला ताप आला तर मऊ भातही "मावशीनं धाडलाय" म्हणूनच जायचा.

धंदा वाढला तशी तिने पाटी रंगवून घेतली. पेंटरने पदर घेतलेली एक टपोऱ्या डोळ्यांची देखणी बाई काढली. हिने नाक मुरडलं. "नाक बसकं करा. अन् हनुवटीवर गोंदण पायजे, तीन ठिपके." पेंटर वैतागला. "नसलेल्या बाईला नाक कसलं मागून राहिलीस?" मी हळूच म्हटलं. मनासारखं होईपर्यंत तिने त्याला शिडीवरून उतरू दिलं नाही.

मग वडिलांनी नायगावकडचं स्थळ काढलं. पाहुण्यांची अट अशी की लग्नानंतर डबे बंद. त्या आठवड्यात गल्लीभर करपलेल्या पोळ्या गेल्या.

"भाऊ, लग्नाचं मला भ्या न्हाई," ती म्हणाली. "पण हे मी उभं केलंय ना?" वडिलांसमोर हेच बोलायला तिची जीभ रेटेना.

पाहुणे रीतीप्रमाणे आधी गुपचूप चौकशीला आले. डबे करणारी कशी आहे, म्हणून कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. "मावशी ना? देवमाणूस! पन्नाशी उलटली, पण कधी खाडा न्हाई." पाहुण्यांचे चेहरे उतरले. खात्री करून घ्यायला ते थेट तिच्याच दारात गेले. दार अर्धं उघडलं.

"डबे करणारी इथंच राहते का?"

"हाव. मावशी आत हाय."

"वय काय असंल त्यांचं?"

"पन्नास-पंचावन."

पाहुणे आल्या पावली एसटी स्टँडकडे वळले. दुसऱ्या दिवशी वडील माझ्या दुकानात येऊन मटकन बसले. "भाऊ, त्यांचा निरोप आला. तुमची लेक नवरदेवाच्या आईच्या वयाची हाय म्हणून राहिलेत. आता मी काय समजू?" मी काउंटरखाली वाकून हसून घेतलं.

ते गेल्यावर मी भिंतीवर थाप मारली. "मुद्दाम केलंस?"

"न्हाई ओ भाऊ, शप्पथ! सवयीनं तोंडातून गेलं. कोण होते ते आत्ता कळून राहिलं." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले. "मावशीनं दुसऱ्यांदा वाचवलं मला."

"दुसऱ्यांदा?"

"आईच्या मागं तिनंच वाढवलं मला. भूकंपात दाराभाईर ढकललं. ती आतच राहिली."

मला पाटीवरचं ते बसकं नाक आठवलं. मी उगाचच रिसीव्हर पुसत बसलो. वडिलांनी पुन्हा तसल्या अटीचं स्थळ आणलं नाही.

मोबाइल आले, माझं दुकान बसलं आणि मी नांदेडला आलो. परवा मुलाला क्लास लावायला लातूरला नेलं. तो कसलंसं शिबिर करून आलाय. स्वतःचा ब्रँड कसा उभारायचा, हे मला रस्ताभर शिकवत होता. मी मान डोलावत होतो. गल्लीत खोलीच्या जागी तीन मजले चढले होते, पण पाटीवर तीच बाई होती, तेच तीन ठिपके. मी कडी वाजवली. दार अर्धं उघडलं. एक अनोळखी पोरगी, पिठाचे हात.

"मावशी आत हाय."

मी मुलाचा डबा लावून टाकला. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने आधी ओढणी डोक्यावरून घेतली, मग फोन कानाला लावला.

"हाव, बोला दादा."